आई ७८ वर्षांची, गावी एकटी राहते. तिला पुण्याला आणावं का?

लगेच ठरवू नका, आणि गावचं घर आत्ता विकू तर मुळीच नका. आधी आठवडाभर तिच्याजवळ राहून नुसतं बघा. अंघोळ, संडास, कपडे, जेवण, गोळ्या हे तिचं तिला जमतं का? फक्त स्वयंपाक आणि धुणंभांडी जड जात असतील, तर दोन वेळा बाई लावून भागतं. गॅस चालू राहणं, त्याच गोळ्या दोनदा घेणं, रात्री उठताना तोल जाणं दिसलं, तर एकटं ठेवू नका.

पुण्याला आणायचं तर पावसाळ्याचे दोन-तीन महिने आणून बघा. बिघडतं ते बहुधा इथेच: लिफ्ट नाही, सगळे कामावर, ओळखीचं कोणी नाही; मग ती दिवसभर टीव्हीसमोर. चालणं थांबलं की पायांतली ताकद झपाट्याने जाते. म्हणून खालचा मजला आणि जवळपास देऊळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ असलेली जागा बघा. बाथरूममध्ये पकडायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलची दांडी वजनाने उखडते.

घर कोणाच्या नावे करायचा विषय निघालाच, तर बक्षीसपत्रात तिला सांभाळण्याची अट लिहायलाच हवी. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. सल्ल्यासाठी १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे.

आणि हे सगळं तिच्यासमोर बोला, तिच्यामागे भावंडांच्या ग्रुपवर नको.