क्लासच्या आधी ताल

मूल तीन वर्षांचं झालं की पालक विचारतात, पियानो लावावा की ऑनलाइन हार्मोनियम? दोन्ही थांबू शकतात. युरोप-अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत घाई करायचीच असेल तर ती तालाची करावी.

तिथे मुलाच्या कानावर पडणारं बहुतेक संगीत चार मात्रांचं, फार तर तीनचं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन लोकसंगीतातले असमान विभागांचे ताल ऐकवले. सहा महिन्यांच्या बाळांना त्यातली बिघडलेली लय कळत होती, वर्षाच्या बाळांना कळेनाशी झाली होती. पण घरी दोन आठवडे तसं संगीत लावल्यावर वर्षाच्या बाळांना ती पुन्हा कळू लागली. मोठ्यांना तेवढ्या ऐकण्याने जमलं नाही. आपला रूपक (३-२-२) आणि झपताल (२-३-२-३) याच जातीचे.

नुसतं ऐकवण्यापेक्षा बाळाला हलवणं महत्त्वाचं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांना एकच ठेका ऐकवत काहींना दर दुसऱ्या, तर काहींना दर तिसऱ्या ठोक्यावर झुलवलं. नंतर बाळांनी आपापल्या झुलण्याशी जुळणारा ठेका जास्त वेळ ऐकला. ज्यांनी दुसऱ्याला झुलताना फक्त पाहिलं, त्यांच्यात हा कल दिसला नाही. तेव्हा बाळाला मांडीवर घ्या आणि रूपक म्हणा: ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर गुडघा हलकेच उचला.

मूल चालतं-बोलतं झालं की पहिल्या मात्रेवर खाली (टाळी न वाजवता हात बाजूला), चौथ्या-सहाव्यावर टाळी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सातव्या मात्रेनंतर श्वास घेणं. त्या श्वासाची आठवी मात्रा होते आणि मूल तीच शिकतं. श्वास हवा असेल तर एक आख्खं आवर्तन तोंड बंद ठेवून फक्त हात चालवा. दुसरी चूक, ‘समजावं म्हणून’ लय संथ ठेवणं. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. मिनिटाला १२० मात्रांपासून सुरुवात करा.

मूल बेसूर गातं ही तक्रार बहुतेक वेळा पट्टीची, म्हणजे ‘सा’ कुठल्या उंचीवर धरला याची असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा आवाज हार्मोनियमच्या पांढरी दोन ते पांढरी सहा, म्हणजे मधल्या डी ते ए, एवढ्यात आरामात फिरतो. आई सवयीने काळी पाचला गाते, तिचा षड्ज (सा) मुलाला खाली पडतो. बाबांचा तर पूर्ण सप्तक खाली. तो गाठायला मूल घशातून घोगरं बोलू लागतं. तंबोऱ्याच्या ॲपवर पांढरी दोन लावा, सा ते प मध्ये मावणारं बडबडगीत निवडा, आणि सूर आईने किंवा मोठ्या भावंडाने द्यावा.

मोझार्ट लावून मूल हुशार होईल ही आशा मात्र सोडा. १९९३ चा तो गाजलेला प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला.

पुढे क्लास शोधाल तेव्हा शिक्षकांना एवढंच विचारा: मुलांकडून कोणत्या पट्टीत गाऊन घेता? ‘माझ्याच’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा. चार वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना दाराबाहेर बसवत असतील तरीही.