पेशीरेषा, पेशीवंश आणि संमतीपत्र

धानोरा तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. सिकलसेलच्या एका अभ्यासाच्या संमतीपत्रात 'विषाणू-रूपांतरित अमर पेशीरेषा' असं छापलंय, ते गावात कसं सांगायचं? एका आजीनं विचारलं म्हणे, 'म्हंजे मले इषाणू टोचनार का?'

आजीची शंका रास्त आहे, कारण रूपांतर नेमकं कोणाचं ते या शब्दांत कुठेच नाही. माणसाला विषाणू टोचत नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून फ्लास्कमध्ये त्यांच्यावर एपस्टाइन-बार विषाणू सोडतात. तो बी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी२१ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो आणि पेशी सतत विभागत राहते. बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात हा विषाणू आधीपासून असतोच. म्हणून त्याला ओळखणाऱ्या त्यांच्याच टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नव्या पेशी मारून टाकतात. ते थांबवायला फ्लास्कमध्ये सायक्लोस्पोरिन हे टी-पेशींना आवरणारं औषध घालतात. दोन-चार आठवड्यांत पेशींचे गुच्छ दिसू लागतात. 'बाधित पेशी' म्हटलं की आजारी पेशी डोळ्यासमोर येते; ही तर फोफावते.

'रेषा' म्हणजे इंग्रजी 'लाइन' जशीच्या तशी उचललेली. अर्थ आहे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली संतती, कास्तकाराच्या 'वाणा'सारखी. लेखी मराठीत 'पेशीवंश' चांगला. तोंडी मात्र 'वंश' टाळा, भलतंच ऐकू जाईल. 'अमर' तर सरळ खोडा: यातले बरेच पेशीवंश ठरावीक दुपटींनंतर थकतात, गुणसूत्रांची झिजणारी टोकं भरून काढणारं टेलोमरेज हे विकर जागं झालं तरच पुढे चालतात.

गावात एवढं पुरे: 'दोन चमचे रक्त घेऊ. त्यातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत ठेवू, म्हणजे पुन्हा पुन्हा रक्त मागावं लागणार नाही. पेशी वाढाव्यात म्हणून विषाणू लागतो, तो तिथं त्या पेशींना देतील, तुम्हाला नाही.' दोन चमचे म्हणजे १० मिली.

सिकलसेलच्या नेहमीच्या तपासणीची नळी जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) असते. पेशी वाढवायच्या नळीला सहसा हिरवं झाकण, आत हेपारिन, तेही रक्त गोठू न देणारं. ही नळी लसीच्या डब्यात आइसपॅकवर ठेवू नका. गार रक्तातून फायकोलवर (पेशी वेगळ्या करायच्या दाट द्रवावर) पांढऱ्या पेशींचा थर स्वच्छ निघत नाही. साध्या तापमानात, उन्हापासून जपून, २४ तासांत पोचवा.

आणि 'या पेशींवर तुमच्या सिकलसेलचं औषध तपासतील' असं कोणाला सांगू नका. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी वाकतात त्या त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनमुळे. बी-पेशी ते बनवतच नाहीत, त्या कोयत्यासारख्या वाकणार कशा? त्यांच्या डीएनएत सिकलचा बदल वाचता येतो, तेवढंच.