माझ्यामागे मुलाचं काय? ट्रस्ट, मृत्युपत्र की मुलीच्या नावावर फ्लॅट

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, पती हयात नाहीत. सव्वीस वर्षांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. नाशिकला इंदिरानगरमधला फ्लॅट आणि ठेवी माझ्या कमाईच्या. सगळं विवाहित मुलीच्या नावावर करू, की दीर म्हणतात तसा धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवू?

उत्तर : ताई, बक्षीसपत्र केलंत की फ्लॅट मुलीचाच झाला. तिची माया खरी असेल, पण उद्या ती कर्जात अडकली किंवा भावाआधी गेली, तर बँक आणि तिचे वारस पुढे येतील. मुलाच्या हातात कायद्याचं काहीच उरणार नाही. ट्रस्टमध्ये मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते, लाभ मात्र मुलाचा. विश्वस्तांना त्यातून स्वतःचा फायदा काढता येत नाही आणि हिशेब ठेवावाच लागतो.

धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ नका. तिथे १९५० च्या कायद्याखाली देवस्थानं, शिक्षणसंस्था असे सार्वजनिक ट्रस्ट नोंदवतात. तुमचा ट्रस्ट खासगी, त्याला १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा लागू होतो.

फ्लॅट आजच ट्रस्टला दिला तर दस्त नोंदवणं आणि मुद्रांक शुल्क आलं. शिवाय राहत्या घरावरची तुमची मोकळीक जाते. म्हणून फ्लॅट मृत्युपत्राने द्या. ते कधीही बदलता येतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत. पण मृत्युपत्र तुमच्या पश्चातच लागू होतं, आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात तरी मुलाचा खर्च थांबायला नको. त्यासाठी काही ठेवींचा लहान ट्रस्ट आत्ताच करा, त्याचं वेगळं पॅन आणि बँक खातं काढा. बाकी सगळं याच ट्रस्टला जावं, असं मृत्युपत्रात लिहा.

मुलीला एकटीला विश्वस्त करू नका, हे मी आग्रहाने सांगते. मुलानंतर उरलेलं तिला मिळणार असेल, तर भावावर न खर्चलेला प्रत्येक रुपया तिचाच ठरतो. लेकीला अशा पेचात कशाला टाकायचं? सोबत विश्वासातली दुसरी व्यक्ती घ्या, दोघांनंतर कोण तेही लिहा. नुसतं ‘देखभाल’ म्हणून भागत नाही. सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, औषधं, दातांचे उपचार, दिवाळीचे कपडे, सहलसुद्धा लिहून ठेवा. मसुदा पक्का होण्याआधी सीएला दाखवा. लाभार्थी आणि त्याचा हिस्सा स्पष्ट नसेल तर कर सर्वोच्च दराने लागू शकतो.

मुलगा अठरा ओलांडून गेल्यामुळे आई म्हणून तुम्ही आपोआप त्याच्या कायदेशीर पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा, आणि दिव्यांग प्रमाणपत्र सोबत न्या. हा अर्ज ट्रस्टच्या मसुद्यासाठी थांबवू नका.