पहिला डाव कुठला मांडायचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दहावीतला भाचा आणि त्याचे तीन मित्र सुट्टीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळायचं म्हणताहेत. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारी, मी व्हायचं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मी हा खेळ कधीच खेळलेली नाही. सुरुवातीला कुठलं साहस (खेळायची तयार गोष्ट) घेऊ?
— एक मावशी, नाशिक

उत्तर : ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्वर’ घ्या. हे २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं साहस. त्या खोक्यात ६४ पानांचं साहस, ३२ पानांचे नियम, भरून ठेवलेली पाच पात्रं आणि सहा फासे येतात. मुलांना त्या पाचांतलीच पात्रं निवडू द्या. नवी बनवायला बसलात तर पहिली दुपार त्यातच संपेल आणि खेळ उद्यावर जाईल. हे खोकं आता जुनं झालंय, कुणाकडे असेल तर मागून आणा. नाहीच मिळालं तर २०२२ चा ‘ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल’ हा सेट चालेल. तो लहान आहे, त्यात पात्रं तिसऱ्या पातळीपर्यंतच चढतात, पण नवख्यांना जास्त सांभाळून घेतो. त्यात सुरुवातीलाच झाँबी भेटतात. त्यांचा वेग एका पाळीला २० फूट आणि पात्रांचा २५ ते ३०, म्हणजे अंगाशी आलं तर पळता तरी येतं.

तरी आमची पसंती फँडेल्वरलाच, आणि ती त्याच्या सुरुवातीमुळे. गंड्रेन रॉकसीकर नावाच्या ड्वार्फने (बुटक्या जमातीतला एक) सामानाची गाडी नेव्हरविंटरहून फँडालिनला पोचवायचं काम दिलंय, माणशी १० सोन्याची नाणी. रस्त्यात दोन घोडे मरून पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. ‘आता काय करता?’ असं विचारलं की नवखा मुलगाही काहीतरी बोलतोच. ‘तुम्ही खानावळीत बसला आहात’ अशी सुरुवात असलेल्या साहसांत पोरं एकमेकांची तोंडं बघत बसतात.

आता धोक्याची जागा. (खेळाडूंनी इथून पुढचं वाचू नये, मावशी, मासिक लपवून ठेवा.) झाडीत चार गॉब्लिन (खुजे, दुष्ट जीव) दबा धरून बसलेत. दोघे अंगावर धावून येतात, दोघे लांबून बाण मारतात. गॉब्लिनच्या वारासाठी वीस बाजूंचा फासा टाकून आलेल्या आकड्यात ४ मिळवायचे, आणि वार लागला तर सरासरी ५ हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचे गुण) जातात. जादूगाराकडे असतात सात-आठ. चिलखत नसलेल्या जादूगाराचा आर्मर क्लास (वार बसायला गाठावा लागणारा आकडा) १२ धरला, तर फाशावर ८ किंवा जास्त आलं की वार बसतो, म्हणजे वीसपैकी तेरा वेळा. दोन बाण लागले की तो आडवा. उलट गॉब्लिनचा आर्मर क्लास १५, त्यामुळे मुलांचे निम्मे वार वाया जातात. त्यातून पात्रं बेसावध सापडली, तर पहिली फेरी त्यांना नुसती बघत बसावी लागते. अर्ध्या तासात दोघं जमिनीवर, आणि भाच्याचा मित्र मोबाइल काढून बसलेला.

म्हणून दोन बदल करा. पहिल्या हल्ल्यात ‘बेसावध’ हा नियम वापरू नका, आणि गॉब्लिन चाराऐवजी तीन ठेवा. एवढं करूनही मुलं हरली, तर सोय साहसातच आहे: गॉब्लिन त्यांना मारत नाहीत, बेशुद्ध सोडून गाडी लुटून जातात. शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण नव्हे, हेही मुलांना आधीच सांगा. शून्यावर गेलेला दर पाळीला वीसचा फासा टाकतो. १० किंवा जास्त आलं तर जमा, कमी आलं तर वजा. तीन वजा झाले की संपला, तीन जमा झाले की तगला.

दुसरी चूक डंजन मास्टरकडून होते. घोड्यांजवळ नकाशा ठेवायची एक रिकामी चामडी नळी पडलेली आहे. तुम्ही ‘एक नळी दिसते’ एवढंच म्हणालात, तर मुलं गाडी हाकत थेट फँडालिन गाठतील आणि गॉब्लिनांची गुहा मागेच राहील. ‘हे घोडे गंड्रेन आणि त्याच्या सोबत्याचे, आणि ही नळी त्याचीच’ असं स्वच्छ सांगा. मग ती माग काढतीलच.

गुहेत क्लार्ग नावाचा बगबेअर (गॉब्लिनांचा धिप्पाड भाऊबंद) आहे. हिट पॉइंट २७, आणि एका घावात सरासरी ११ नुकसान. पहिल्या पातळीच्या बहुतेकांना तो एकच घाव पुरतो. नुकसानासाठी आठ बाजूंचे दोन फासे छापलेत, तुम्ही एकच टाका, अधिक २.

तयारी म्हणून चारपैकी पहिलाच भाग वाचा. तीन तासांत हल्ला आणि फार तर निम्मी गुहा होते. खेळाडूंसाठी चौकटीत दिलेला इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचू नका आणि त्याचं भाषांतरही करत बसू नका. काय दिसतं, काय ऐकू येतं, कोण आहे, एवढं समासात पेन्सिलीने लिहा आणि घरात बोलता तसं सांगा. आणि २०२४ चे नवे नियम यात मिसळू नका. त्यांत बेसावधपणाचा नियमच वेगळा आहे.

प्रश्न : आम्ही तिघंच. एकच संध्याकाळ आहे आणि खर्च करायचा नाही. घरात फासा आहे तो लुडोचा.
— वाचक, मडगाव

उत्तर : मग ‘हनी हाइस्ट’. एका पानात सगळे नियम आणि फासा सहाचाच. खेळाडू होतात अस्वलं, आणि त्यांना मधावर दरोडा घालायचाय. प्रत्येकाकडे दोनच आकडे, ‘अस्वल’ ३ आणि ‘गुन्हेगार’ ३. काम अस्वलाचं की चोराचं ते ठरवायचं, फासा टाकायचा, त्या आकड्याइतकं किंवा कमी आलं की जमलं. बेत फसला की एक गुण गुन्हेगाराकडून अस्वलाकडे जातो, बिनबोभाट पार पडला की उलट. ‘अस्वल’चा आकडा ६ झाला की ते पिसाळतं. हा खेळ फसतो तो सूत्रधार फार फासे टाकायला लावतो तेव्हा. दार उघडं असेल तर फासा कशाला?

प्रश्न : राक्षस-तलवारी नकोत, भीतीकथा हवी. सोपी काही आहे का?
— वाचक, सांगली

उत्तर : ‘कॉल ऑफ कथुलू’ या भीतीकथांच्या खेळाच्या मोफत क्विक-स्टार्ट पुस्तिकेतलं ‘द हाँटिंग’. १९२० चं बोस्टन, एक बदनाम घर आणि भाडेकरू टिकत नाहीत म्हणून हैराण झालेला घरमालक. हा खेळ टक्केवारीवर चालतो: दहा बाजूंचे दोन फासे, आणि येणारा आकडा कौशल्याच्या आकड्याइतका किंवा कमी हवा. वाचनालयात शोधण्याचं कौशल्य मुळात २०, लपलेलं हेरण्याचं २५. पात्र बनवताना ते वाढवलं नसेल, तर पाचातले जवळपास चार प्रयत्न वायाच जायचे. म्हणून धागादोरा फाशावर टांगू नका. फासा पडला नाही तरी कात्रण सापडू द्या, फक्त दुपारऐवजी संध्याकाळ होऊ द्या. खेळाडू माहिती काढायच्या कचेऱ्या आणि वाचनालय सोडून थेट घरात घुसायला निघाले, तर घरमालकाकडून आधीच्या भाडेकरूंचा विषय काढा. तेवढ्याने बहुतेक वळतात.

प्रश्न : वीस बाजूंचा फासा आमच्याकडे मिळत नाही.
— वाचक, लातूर

उत्तर : मोबाइलवर फाशांची ॲप आहेत. मोबाइल लांब ठेवायचा असेल, तर एकाच कागदाच्या सारख्या मापाच्या वीस चिठ्ठ्या करा, १ ते २० आकडे घाला आणि अपारदर्शक पिशवीत टाका. ६ आणि ९ खाली रेघ ओढा. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकून पिशवी हलवायची. ती बाहेरच राहिली, तर २० एकदा निघून गेल्यावर पुढचा कुणीच तो काढू शकत नाही. टक्केवारीसाठी ० ते ९ च्या दोन वेगवेगळ्या पिशव्या लागतील, एक दहम स्थानाची, एक एककाची. दोन्हींतून शून्य आलं तर ते १०० धरा.