तालुक्याच्या फुटबॉल लीगचा ऑल-स्टार सामना: आपसात वाटून खेळवावा की बाहेरचा क्लब बोलवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यात आठ संघांची पावसाळी फुटबॉल लीग होते, चार संघ खलाटीचे, म्हणजे बंदरपट्टीचे, आणि चार वलाटीचे, म्हणजे आतल्या डोंगराकडच्या भागाचे. यंदा अमेरिकेतल्या एमएलएस (मेजर लीग सॉकर) या फुटबॉल लीगसारखा ऑल-स्टार सामना, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना, ठेवायचा आहे आणि त्यावरून कार्यकर्त्यांत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, खलाटी विरुद्ध वलाटी सामना लावा. बाकीचे म्हणतात, गोव्याहून नावाजलेला क्लब आणा आणि आपले निवडक अकरा त्यांच्यासमोर उतरवा. एमएलएसने नेमकं काय केलं, आणि आपण काय करावं?

मी सिंधुदुर्गातलाच. एमएलएसचा हा सामना बरीच वर्षं बघत आलोय आणि आमच्याकडच्या स्पर्धेच्या आयोजनातही असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: हेही नको आणि तेही नको. शेजारच्या तालुक्याचा निवडक संघ बोलवा. एमएलएसने तुमचे दोन्ही पर्याय आधी करून पाहिले आणि पंचवीस वर्षांनी, 2021 साली, ती या तिसऱ्या वाटेला लागली. तुम्हाला तेवढं थांबायचं कारण नाही.

सुरुवात त्यांनीही खलाटी-वलाटीनेच केली होती. 1996 हा लीगचा पहिला हंगाम. न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियमवर पूर्व विरुद्ध पश्चिम सामना झाला आणि पूर्वेने तो 3-2 असा जिंकला. स्टेडियम भरलं होतं, पण त्याच दिवशी त्याच मैदानावर ब्राझीलचाही सामना होता, त्यामुळे गर्दी कोणाची हे सांगायला नको. पुढच्या वर्षी 5-4. 1998 मध्ये लीगमधले अमेरिकन विरुद्ध लीगमधले परदेशी असा प्रयोग केला, 6-1. मग पुन्हा पूर्व-पश्चिम: 1999 ला 6-4, 2000 ला 9-4, आणि 2001 ला चक्क 6-6, ज्यात एकट्या लँडन डोनोव्हनचे चार गोल.

हे आकडे नीट बघा, तुमच्या पहिल्या पर्यायाचं उत्तर त्यांतच आहे. नऊ गोल होतात तेव्हा बचाव कोणी करत नसतो. आणि का करावा? समोरचा स्ट्रायकरही आपल्याच लीगचा, हरलो तरी लीग आपलीच, जिंकलो तरी लीग आपलीच. मग कोण कशाला अंग झोकून देईल? पहिली वीस मिनिटं बघायला मजा येते. त्यानंतर लोक छत्री सावरत चहाच्या टपरीकडे वळतात. तुमच्याकडे तर आठच संघ, म्हणजे सगळेच सगळ्यांशी लीगमध्ये खेळून झालेले. खलाटी-वलाटीत नवीन बघायला काय उरतं?

मधली दोन वर्षं त्यांनी वेगळं काही करून पाहिलं. 2002 मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी खेळून नुकताच परतला होता. त्याच्याशी ऑल-स्टार संघ खेळला आणि 3-2 ने जिंकला. 2003 मध्ये मेक्सिकोचा ग्वादालाहारा क्लब बोलावला. 2004 ला पुन्हा पूर्व-पश्चिम. आणि 2005 पासून सुरू झाला तो पर्याय, जो तुमच्या दुसऱ्या तटाच्या मनात आहे: मोठ्या नावाचा पाहुणा क्लब.

2005 ते 2019 अशी सलग पंधरा वर्षं युरोपचे क्लब आले. फुलहॅम, चेल्सी, सेल्टिक, वेस्ट हॅम, एव्हर्टन, मँचेस्टर युनायटेड, रोमा, बायर्न, टॉटनहॅम, आर्सेनल, रेआल माद्रिद, युव्हेंटस, अ‍ॅटलेटिको. या पंधरांपैकी सात सामने एमएलएसने जिंकले आणि आठ हरले, त्यातले तीन पेनल्टीवर. आकडे बघून वाटेल, बरोबरीचीच लढत होती की! माझं मत तसं नाही. ऑल-स्टार संघ अख्ख्या लीगमधून निवडलेला, पण दोन-तीन दिवस एकत्र आलेला. पाहुणा संघ वर्षभर एकत्र खेळणारा, पण जुलै-ऑगस्टात त्याचा हंगाम सुरूच झालेला नसायचा. ते पाय मोकळे करायला यायचे. जिंकल्याचा अभिमान एकाच बाजूला, आणि दुखापतीची काळजी दुसऱ्या बाजूला.

हे सगळ्यात उघडं पडलं ते 2014 मध्ये पोर्टलंडला, जर्मनीच्या बायर्न क्लबविरुद्ध. जर्मनीने ब्राझीलमध्ये विश्वचषक जिंकून महिनाही झाला नव्हता. त्या संघातले बायर्नचे खेळाडू नुकते संघात परतले होते आणि उत्तरार्धात उशिरा मैदानात आले. लेवांडोव्स्कीने सुरुवातीलाच बायर्नला आघाडी दिली होती. ब्रॅडली राइट-फिलिप्सने बरोबरी केली आणि डोनोव्हनने 2-1 केलं. एमएलएसवाले ईर्ष्येने खेळत होते, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. त्यात बायर्नचा श्वाइनस्टायगर मैदानात उतरतो न उतरतो तोच जोराच्या टॅकलने जायबंदी झाला. शिट्टी वाजल्यावर एमएलएसचा प्रशिक्षक केलेब पोर्टर हात पुढे करून गेला, तर बायर्नचा तेव्हाचा प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला याने त्याच्यापुढे बोट नाचवलं आणि हस्तांदोलन न करता निघून गेला. मला यात दोघांचंही चुकलं असं वाटत नाही. एकजण अंतिम सामना खेळत होता आणि दुसरा सराव सामना. फॉरमॅटच तसा होता, दोघांचा खेळ एक नव्हताच.

आता हेच गोव्याच्या क्लबला लावून बघा. धेंपोसारखा पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब तुमच्या कातळावरच्या मैदानात, जुलैच्या पावसात, आपले मुख्य खेळाडू उतरवेल? जांभ्यावर पडलं तर गुडघा सोलवटून निघतो, हे त्यांच्या प्रशिक्षकाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आले तरी वीस वर्षांखालची पोरं येतील. ती पोरं तुमच्या ऑल-स्टार संघाला चार गोल मारून गेली तर वर्षभर तेच ऐकावं लागेल, आणि तुम्ही जिंकलात तर ‘त्यांचा मेन संघ कुठे होता’ म्हणून कोणी भाव देणार नाही. शिवाय गाडीभाडं, जेवण, मानधन. तेवढ्या पैशात दोन वर्षांचे चेंडू आणि जाळ्या येतात.

पाहुण्यांच्या नावावर गर्दी जमवायची असेल तर आणखी एक सांगतो. जुलै 2019 मध्ये सोलला कोरियाच्या के लीगचा निवडक संघ युव्हेंटसशी खेळला. लोकांनी तिकिटं काढली ती रोनाल्डोसाठी, आणि किमान पाऊण तास तो खेळेल असं करारात होतं. सामना जवळजवळ तासभर उशिरा सुरू झाला, 3-3 सुटला, आणि रोनाल्डो शेवटपर्यंत बाकावरच बसून राहिला. प्रेक्षक आयोजकांविरुद्ध कोर्टात गेले. म्हणून बॅनरवर कोणा एका खेळाडूचा फोटो छापू नका, मग तो गोव्याचा असो की तुमच्याच गावचा मुंबईहून येणारा.

2020 चा सामना कोविडमुळे रद्द झाला. 2021 मध्ये लॉस एंजेलिसला एमएलएसचा निवडक संघ मेक्सिकोच्या लीगा एमएक्सच्या निवडक संघाशी खेळला. लीग विरुद्ध लीग. दोन्हीकडे निवडलेले खेळाडू, दोन्हीकडे सरावाला तेवढाच वेळ, आणि दोन्ही देशांत फुटबॉलचं जुनं वैर. सामना 1-1 सुटला आणि थेट पेनल्टी झाल्या. एमएलएसचा गोलरक्षक मॅट टर्नर याने अडवायचं काम चोख केलं आणि निर्णायक पेनल्टी घेतली अठरा वर्षांच्या रिकार्डो पेपीने. जन्म टेक्सासातल्या एल पासोचा, आईवडील मेक्सिकन, आणि तो पुढे कोणत्या देशाकडून खेळणार याची तेव्हा दोन्हीकडे चर्चा. त्याने चेंडू जाळ्यात घातला तेव्हा स्टेडियममधले निम्मे लोक उड्या मारत होते आणि निम्मे डोक्याला हात लावून बसले होते. प्रदर्शनी सामन्यात डोक्याला हात लावणारे प्रेक्षक मिळाले, याहून फॉरमॅटकडून अजून काय हवं?

2022 ला एमएलएसने 2-1 ने जिंकलं. 2023 ला त्यांनी पुन्हा आर्सेनलला बोलावलं आणि 5-0 असा मार खाल्ला. 2024 ला परत लीगा एमएक्स, या वेळी मेक्सिकोने 4-1 ने उट्टं काढलं; 2025 ला एमएलएसने 3-1. कधी हा, कधी तो. लोकांना मागच्या वर्षीचा हिशोब लक्षात राहतो आणि तो चुकता होताना बघायला ते येतात.

तुमच्याकडे हे वैर आयतं आहे. शेजारच्या तालुक्याशी कबड्डीत, टेनिस क्रिकेटमध्ये तुमची चुरस आहेच. निम्म्या लोकांची सासुरवाडी तिकडे. तिकडे लीग नसेल तरी अडत नाही, त्यांना म्हणावं चार चांगल्या संघांतून वीस जण निवडा. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. ढाल एकच ठेवा आणि ती फिरती ठेवा.

निवड हा खरा भांडणाचा विषय, म्हणून त्यावर जरा थांबतो. एमएलएसमध्ये 2022 ला सव्वीस जणांचा संघ होता: बारा जण प्रेक्षक, खेळाडू आणि पत्रकार यांच्या मतांतून, बारा जण प्रशिक्षकाच्या पसंतीचे आणि दोन जण लीगच्या आयुक्तांनी घेतलेले. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. नुसती मतं घेतली तर लाडके खेळाडू येतात आणि डावा बचावपटू राहून जातो. नुसत्या प्रशिक्षकावर सोडलं तर त्याच्या वाडीचेच सहा जण आल्याची बोंब उठते. तुम्ही वीस जण घ्या. दहा जण संघांच्या कर्णधारांच्या मतांनी, आणि कर्णधाराने स्वतःच्या संघाला मत द्यायचं नाही. आठ जण प्रशिक्षकाने जागा बघून भरावेत. दोन जागा कमिटीकडे: एखादा निवृत्तीला आलेला जुना खेळाडू, एखादा दहावी-बारावीतला होतकरू पोरगा. आठही संघांतून निदान एक जण आलाच पाहिजे ही अट मी घालेन. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ती अट आहे, आणि तालुक्याच्या पातळीवर तिचा उपयोग साधा आहे: ज्या वाडीचा पोरगा नाही ती वाडी सामन्याला येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर मतदान मात्र घेऊ नका. ज्या गावचे चाकरमानी मुंबईत जास्त, त्या गावचा गोलरक्षक निवडून येईल, मग त्याने हंगामभर किती का गोल खाल्ले असेनात. चाकरमान्यांना सहभागी करायचंच असेल तर सामन्यानंतरचा ‘सर्वोत्तम खेळाडू’ त्यांना मोबाइलवर निवडू द्या.

तारीख. डिसेंबर ते मे मैदानं टेनिस क्रिकेटची, तिथे आपल्याला कोणी विचारत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे बंदरपट्टीची पोरं किनाऱ्यावर. वलाटीची पोरं मात्र जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लावणीत अडकलेली. दोघांनाही मोकळीक मिळते ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. होड्या एकदा पाण्यात गेल्या की तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, सांगून कोणी सामन्याला येणार नाही, आणि पुढे गणपती आहेतच.

लीगचा अंतिम सामना उरकल्यावरच हा सामना ठेवा. एमएलएसचा सामना हंगामाच्या मधोमध येतो आणि त्यातून कटकटी होतात. 2025 मध्ये इंटर मायामी क्लबचे मेस्सी आणि जॉर्डी आल्बा लीगच्या परवानगीशिवाय ऑल-स्टारला गैरहजर राहिले, तर नियमाप्रमाणे दोघांवर पुढच्या एका सामन्याची बंदी आली. नियम लीगच्या जागी बरोबर होता, पण सतत सामने खेळून दमलेल्या माणसाने विश्रांती मागितली यातही मला काही गैर दिसत नाही. तुमच्याकडे उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या मध्ये ऑल-स्टार घातलात तर प्रत्येक संघ आपला चांगला खेळाडू ‘पाय मुरगळला’ म्हणून घरी ठेवेल.

बाकी बारीकसारीक: पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव पुरेत, चिखलात नव्वद मिनिटं खेळवून काही साधत नाही. गोलरक्षक अर्धा-अर्धा वेळ वाटून द्या. बदली खेळाडूंना मर्यादा नको, वीसही जण मैदानात उतरले पाहिजेत. बरोबरी झाली तर जादा वेळ न देता थेट पेनल्टी. आदल्या संध्याकाळी एकदा तरी दोन तास सराव करून घ्या, तो सगळा कॉर्नर आणि फ्री-किकचा. अनोळखी संघाला जुळवून घेता येतं ते तेवढंच, आणि भिजलेल्या जड चेंडूवर गोलही तिथूनच होतात. एमएलएस आदल्या दिवशी कौशल्याच्या स्पर्धा घेते. त्यातली क्रॉसबारला चेंडू मारायची स्पर्धा शाळेच्या पोरांसाठी ठेवा, खर्च शून्य आणि दोन्ही तालुक्यांची पोरं मिसळतात.

पंच तिसऱ्या तालुक्यातला आणा, आणि त्याचं नाव दोन्ही कमिट्यांनी आधी लेखी मान्य केलेलं असू द्या.