समोरच्याचं नीट ऐकायचंय? एवढ्यापासून सुरू कर

भावा, कुणी बोलत असताना मन भलतीकडं जातं म्हणालास. हे सगळ्यांचंच होतं, आणि सरावानं सुधारतं. संभाषणात एकाचं थांबणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सरासरी ०.२ सेकंदाचं अंतर असतं. एवढ्यात उत्तर सुचत नाही, म्हणून समोरचा बोलत असतानाच आपण ते जुळवायला लागतो आणि त्याचं शेवटचं वाक्य हुकतं. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या वाक्यातच असते.

म्हणून सुरुवातीला एकच धर: त्याला पुरं बोलू दे, एक श्वास घे, मग बोल. ती शांतता अवघड वाटेल. वाटू दे.

बाकी थोडकं:
- फोन टेबलावर पालथा नको, खिशात.
- लक्ष गेलं तर सरळ म्हण, "परत सांग की, माझं ध्यान नव्हतं." नवखे इथं नुसती मान डोलावतात, ती मोठी चूक.
- "माझंबी असंच झालतं" म्हणून विषय आपल्याकडं ओढू नको. न मागता सल्लाही नको.

सराव कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या गर्दीत नको, रंकाळा तलावाच्या काठानं चालताना कर. शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवायचं दडपण नसतं. देहबोलीचं पुढं बघू.