इंडिकेटरची भानगड: आधी अर्थिंग बघ

गाडीचा इंडिकेटर नीट चालत नसेल तर फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारा रिले) बदलायची घाई करू नकोस. नवशिके सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीही केली होती; दोन नवे फ्लॅशर आणले आणि दोष निघाला एका गंजलेल्या बोल्टात.

एकाच बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकतो किंवा नुसता पेटून राहतो? मग त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय, नाहीतर अर्थिंग, म्हणजे दिव्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट, नीट मिळत नाही. जुन्या पिकअपमध्ये मागच्या दिव्यांचं अर्थिंग बहुधा हौद्याच्या पत्र्यातून चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) जातं, आणि तिथेच गंज धरतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणला तर समज, अर्थिंगच खराब. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट बल्बच्या होल्डरच्या बॉडीला लावून बघ. दिवा लख्ख पेटला की चोर सापडला! बोल्ट काढ, पत्रा चकचकीत होईपर्यंत घास, वर थोडं ग्रीस.

दोन्ही बाजू बंद, पण हॅझर्ड (चारही दिवे एकदम लुकलुकणारे) चालतात? मग फ्यूज, इंडिकेटरचा फ्लॅशर (हॅझर्डचा वेगळा असेल तर), शेवटी स्टीअरिंगखालचा स्विच. स्विच उघडायचा कंटाळा येतो, म्हणूनच शेवटी.

आणि हो, २१ वॅटच्या बल्बच्या जागी एलईडी बसवलास तर जुना फ्लॅशर गोंधळणारच.